पावसात मागे घेतलेली गाडी

छातीवर नंबराचा कागद चिकटवून जहाजवाल्यांच्या गाईडबाईच्या काठीमागं रांगेनं चालायचं, हे मला जमणार नव्हतं. जहाजावर पाय ठेवला त्याच दिवशी मी पोराला तसं सांगून टाकलं. पोरगा डब्लिनजवळ ल्यूकनला राहतो, कॉम्प्युटरचं काम करतो. आम्हा दोघा म्हाताऱ्यांना उत्तरेचा समुद्र दाखवायचा म्हणून त्यानं आठ दिवसांची ही जहाजाची सहल काढलेली. डब्लिनहून निघालो आणि पहिला मुक्काम आयर्लंडातच, वर डोनेगॉलमधल्या एका मासेमारीच्या बंदरात. सुनेला रजा मिळाली नाही, ती घरीच राहिली.

"आबा, जहाजवाल्यांच्या बसनं गेलो तर उशीर झाला तरी जहाज थांबतं," पोरगा म्हणाला. "आपली आपण गाडी केली तर नाही थांबत. पाचला दार बंद."

"चाळीस वर्षं ट्रक चालवलाय मी. उशीर कशानं होतोय?"

मिनीबस ठरली. सोळा सीटची गाडी आणि आत आम्ही तिघं. निघताना बायको खोलीतल्या फ्रिजमधलं इन्सुलिनचं पेन पर्समध्ये ठेवत होती. संध्याकाळच्या जेवणाआधी तिला ते लागतंच. मी म्हणालो, "ऱ्हाऊ दे की. चारला परत येतोय. बाहेर गरम होऊन खराब व्हायचं." त्या थंडीत काय गरम होणार होतं कपाळ! पण मी बोललो आणि तिनं ते परत फ्रिजमध्ये ठेवलं.

पाऊस सकाळपासून लागलेला. समुद्रावरचे उंच कडे बघायला गेलो आणि धुकं बघून आलो. बायको म्हणाली, "एवढं लांब आणून पांढरं धोतर दाखवलंत." ड्रायव्हर साठीच्या आसपासचा, लालबुंद तोंडाचा माणूस. काहीही विचारा, "ग्रँड" म्हणायचा, म्हणजे झकास. पाऊस थांबेल का? ग्रँड. रस्ता बरा आहे का? ग्रँड. पण गाडीवर हात चांगला होता त्याचा, ते मी पहिल्या वळणावरच ओळखलं.

परत निघालो तर मोठ्या रस्त्यावर पाणी आलेलं. त्यानं गाडी आतल्या रस्त्याला घातली. रस्ता कसला, एका बैलगाडीची वाट. उजवीकडं रचलेल्या दगडांची भिंत, डावीकडं पाण्यानं भरलेला चर. अर्धा मैल आत गेलो आणि पुढं झाड आडवं. घड्याळात चार वाजून पाच मिनिटं.

गाडी वळवायला जागा नव्हती, मागंच घ्यायची. मागची काच धुकटलेली, मागच्या कॅमेऱ्यावर चिखल, आणि गाडीत ते पीं पीं वाजणारं यंत्र सारखं बोंबलत होतं, कारण त्याला गवत आणि दगड सारखेच. ड्रायव्हर दहा हात मागं आला आणि थांबला. या खेपेला तो ग्रँड म्हणाला नाही.

बायको पर्स मांडीवर धरून बसलेली. पोरगा मोबाईलवर बघून म्हणाला, "जहाज गेलं तर पुढच्या बंदरात पोचायला दोन दिवस. आईचं इन्सुलिन जहाजात."

"पासपोर्ट पण," बायको म्हणाली. "आणि ह्यांचा शहाणपणा तेवढा आपल्याबरोबर."

मी दार उघडून खाली उतरलो. "आबा, पावसात कुठं?" म्हणत पोरगा मागून आला. मी गाडीच्या मागच्या कोपऱ्याला, चराच्या बाजूला उभा राहिलो आणि पत्र्यावर तळहात मारला. थाप, थाप. गाडी जराशी मागं सरकली आणि कचकन थांबली. ड्रायव्हर खाली उतरून चाकाखाली वाकून बघायला लागला.

"आबा, तो विचारतोय काय धडकलं."

"काही धडकलं नाही. त्याला म्हणावं, मी बोलावतोय."

"गाडीला मारून?"

"मग काय पत्र लिहू? नीट सांग त्याला. थाप पडतीय तोवर यायचं. थाप थांबली की थांबायचं."

पोरानं सांगितलं. ड्रायव्हर हसला आणि काहीतरी बोलला. पोरगा म्हणाला, "तो म्हणतोय, उलटं बरं. थांबायचं असेल तेव्हा मारा."

"आणि मी चिखलात घसरून चाकाखाली गेलो तर मारणार कोण? आवाज बंद झाला की त्यानं थांबायचं. माझं काही झालं तरी गाडी थांबली पाहिजे."

हे पोरानं सांगितल्यावर ड्रायव्हर हसायचा थांबला. माझ्याकडं एकदा बघितलं, आत जाऊन ते पीं पीं यंत्र बंद केलं आणि काच खाली करून कान बाहेर काढून बसला.

मग आम्ही दोघं कामाला लागलो. मी थापा मारत मागं मागं चालतोय, तो येतोय. भिंतीच्या बाजूला पोराला उभं केलं होतं, हातभर अंतर राहिलं की ओरडायचं. माझी शाळा तिसरीत सुटली, पण पहिली सहा वर्षं मी क्लिनर होतो. घाटात पाठीमागं दरी ठेवून ट्रक मागं घेतलेत. मिनीबस म्हणजे खेळणं.

वळणावर चराची कड माझ्या बुटाखाली खचली. मी हात उचलला. गाडी जागच्या जागी उभी. चाक कडेपासून चार बोटं. मी त्याच्या आरशात दिसेल असा पुढं आलो आणि हातानं स्टेअरिंग कापायची, म्हणजे वळवायची, खूण केली, पूर्ण भिंतीकडं. त्यानं कापलं. पुन्हा थाप.

मोठ्या रस्त्याला लागलो तेव्हा साडेचार होऊन गेले होते. नंतर त्यानं लांबच्या वाटेनं जी गाडी काढली, ती मीही तरुणपणी तशीच काढली असती. जहाजाच्या शिडीशी पोचलो तेव्हा पाचाला सहा मिनिटं कमी होती. ड्रायव्हरनं खाली उतरून माझा हात हातात घेतला. थापा मारून हात सुजला होता, पण मी तोंड वाकडं केलं नाही. तो पोराला काही म्हणाला. पोरगा म्हणाला, "विचारतोय, तुम्ही इथं किती दिवस आहात? त्याला सोबत माणूस पाहिजे."

"म्हणावं, मी फक्त स्वतःच्या गाडीवर काम करतो."

खोलीत आल्यावर बायकोनं फ्रिज उघडून पेन घेतलं, पलंगाच्या कडेला बसून सुई टोचली, आणि मग म्हणाली, "चला, जेवायला. भिजलेले कपडे बदला आधी."

चूक माझी होती, हे मी तिला म्हणालो नाही. अजूनही म्हणणार नाही. जहाज निघून गेलं असतं तरी म्हणालो नसतो कदाचित. पण पुढच्या बंदरावर उतरताना तिनं पर्समध्ये पेन शोधलं, तर ते आधीच माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. तिनं बघितलं आणि पर्सची चेन लावून पुढं चालायला लागली.