खंडेनवमीची रिकामी पुंगळी
लिहिण्यात चुका असतील, अक्षरही वेडंवाकडं आहे, चौथीपर्यंतच शिकले, तेवढं माफ करा. आज खंडेनवमी म्हणून शिलाई मशीनला तेल दिलं आणि त्या वासाने सिंगापूरचा, चोआ चू कांगमधला फ्लॅट आठवला. तिथे मी एका म्हाताऱ्या पत्रकारांना सांभाळत होते. सज्जन माणसाला घरात बंदूक ठेवू द्या, असं त्यांनी पुण्याच्या पेपरात जन्मभर लिहिलं, शिव्या खाल्ल्या, पण मागे हटले नाहीत. नजर मंदावल्यावर त्यांची जुनी कात्रणं मी अडखळत वाचून दाखवायची. त्या खंडेनवमीला त्यांनी शस्त्र म्हणून देवाच्या डबीतली काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी पाटावर मांडली. ज्याच्याकडे ते राहत तो त्यांचा मुलगा पांढराफटक पडला. "अण्णा, इथे हीसुद्धा चालत नाही! पोलिसांत देऊन येऊ, नाहीतर माझा इथे नोकरी करायचा पास जाईल." अण्णा अडून बसले, "माझ्या वडिलांच्या बंदुकीची आहे. देणार नाही. लपव कुठेतरी." मी कधी मध्ये बोलत नसे. पण त्यांचंच एक कात्रण काढलं आणि अडखळत वाचलं, "बंदूक त्यालाच शोभते, जो कायदा पाळतो." अण्णांनी पाटावरची पुंगळी उचलली. मग म्हणाले, "बाई, नेमकं हेच बरं सापडलं तुला!" आणि सदरा मागितला. पोलीस स्टेशनात पुंगळी त्यांनी स्वतःच्या हाताने टेबलावर ठेवली. पोलिसांनी समज देऊन सोडलं. घरी आल्यावर पाटावरच्या रिकाम्या जागी त्यांनी ते कात्रण ठेवलं आणि मला म्हणाले, "हळदकुंकू तू वाहा." आज मशीनला हळदकुंकू वाहताना कात्रणातलं ते वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी न अडखळता.