शिपायाच्या गालावरचा वण

माझे आजोबा, आबाजी, काल गेले, आणि आज त्यांच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर भलताच माणूस आला.

डिझाइन चुलतभावाने पाठवलं, पिंट्याने. मी ड्युटीवरून येऊन नुसता पडलो होतो. बूटही काढले नव्हते.

गोरापान चेहरा. कपाळ गुळगुळीत. खाली आमच्या आबाजींचं नाव.

पण ते लिंबाएवढं आवाळू कुठं गेलं?

ज्यांनी आबाजींना पाहिलं त्यांना माहीत आहे. उजव्या भुवईच्या वर होतं. लहानपणी मी ते दाबायचो आणि आबाजी तोंडाने ट्रकचा हॉर्न वाजवायचे.

पिंट्याला फोन लावला.

"काढाले लावलं ना भाऊ," तो म्हणाला. "चौकात लागून राह्यलं. बरं दिसलं पाहिजे."

फ्लेक्स सकाळी छापायला जाणार. मी इकडे होसूरला, पार तमिळनाडूत. निघालो असतो तरी पोचेपर्यंत सगळं आटोपलं असतं, म्हणून निघालोच नाही.

आता माझ्या हातात एवढंच उरलं. आबाजींचा चेहरा.

म्हणून पिंट्याला शिपायाची गोष्ट सांगितली. त्याने शंभरदा ऐकलेली आहे. तुम्हाला पण सांगतो.

आमचं गाव नाचणगाव. आबाजी मूर्तिकार. गणपती, शारदा, पोळ्याचे मातीचे बैल. ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट, माझा बाप तेव्हा चड्डीत फिरत होता.

बाजूला पुलगावला मिलिटरीचा डेपो. तिथल्या क्वार्टरमधून एका साहेबाची बायको मुलीला घेऊन आली. मुलीच्या हातात फॉरेनचा शिपाई. वीतभर उंच, प्लास्टिकचा, अंगात खऱ्या कापडाचा युनिफॉर्म. हातपाय सांध्यात वळणारे. एक हात मात्र निखळलेला.

साहेबाची बदली बॉर्डरवर झाली होती. जाताना हा शिपाई तो मुलीजवळ देऊन गेला होता.

आबाजींनी असलं खेळणं जन्मात पाहिलं नव्हतं. तरी उघडलं. आतलं इलॅस्टिक कुजून तुटलं होतं. सायकलच्या ट्यूबची बारीक पट्टी कापली, तारेचा आकडा केला, हात बसवला. झकास वळायला लागला.

तिथं थांबायचं ना.

शिपायाच्या गालावर एक वण होता. लांब, खोल.

आता मूर्तिकाराच्या घरची रीत. मूर्तीचा टवका उडाला तर ती कोणाला देत नाहीत, नदीत सोडतात. तोंडावर चरा असलेलं काम घराबाहेर जात नाही म्हणजे नाही.

आबाजींनी वणात लांबी भरली, लाकडाच्या भेगांत भरतात ती. घासली. वरून रंग. गणपतीचा करतात तसा गाल केला.

मुलगी आली. शिपायाचा हात फिरवून पाहिला, खूश झाली. मग तोंड पाहिलं.

"ये मेरावाला नहीं है."

आई म्हणाली, अगं, आधीपेक्षा छान दिसतोय. आबाजींनी शपथ घेऊन सांगितलं की तोच आहे. मुलगी ऐकेना. शेवटी बाईंनीच हळू आवाजात सांगितलं. तो वण तुटण्याचा नव्हता, कंपनीतूनच होता. साहेब जाताना त्या वणावर बोट ठेवून मुलीला म्हणाला होता, याला एवढं लागलं, तरी हा घरी परत आलाच.

मुलगी शिपाई तिथंच ठेवून निघून गेली.

आबाजी त्या दिवशी धड जेवले नाहीत म्हणे.

दुसऱ्या दिवशी बाभळीचा काटा घेऊन बसले. ब्लेड नको, प्लास्टिकवर ओरखडा येईल. मूर्तीचं तोंड त्यांनी कधी खरवडलं नव्हतं. हे आजी सांगायची, आबाजी नाही.

लांबी निघत गेली. खालून जुना वण वर आला.

सायकलवर क्वार्टरला स्वतः नेऊन दिला. मुलीने तो हातात घेतला. अंगठा त्या गालावरून फिरवला, शिपायाला काखेत मारलं आणि आत पळाली.

मग क्वार्टरमधली खेळणी येतच राहिली. कान नसलेली, पाय नसलेली, मुंडकं वेगळ्या पिशवीत घालून आणलेली. हात लावायच्या आधी आबाजी प्रत्येकाला विचारायचे, "इसका टूटा क्या है, और अपना क्या है?"

मी नववी नापास. पुणे, सुरत, आता होसूर. कुठं वर्षभर टिकलो नाही. घरी सगळे म्हणायचे, पोट्ट्याच्या पायाले भोवरा आहे. लग्न लावा याचं. दाखवा कुठंतरी याले.

एका दिवाळीत बाप मला लई बोलून राह्यला होता. आबाजी कोणाच्या तरी हत्तीची सोंड चिकटवत बसले होते. मान वर न करता बापाला म्हणाले,

"त्याचं काही तुटलं नाई, बाबू. ते त्याचं मुळातलंच आहे. तू लांबी नको भरू."

बाप उठून बाहेर गेला. मला काय करावं सुचेना, म्हणून मी आबाजींचा फोटो काढला.

एवढं सगळं पिंट्याला फोनवर सांगितलं.

तो म्हणाला, "लोकं हसतील ना भाऊ."

"हसू दे. आबाजी होते तेव्हाही लोक हसतच होते."

पिंट्याने तिकडचा पंखा बंद केला.

"पाठव मग तो फोटो."

पाठवला. इथं पण टाकतोय. उजेड कमी आहे. चष्मा नाकावर घसरलाय, बोटाला सोंडेचा गोंद लागलाय. आवाळू एकदम क्लिअर.

हेच आमचे आबाजी.

लई थकलो आज. सकाळी फर्स्ट शिफ्ट आहे.

आबाजी, तुमचं काही बुजवू दिलं नाही.
जसे होता तसेच जा.