कार्डावरचं चौथं नाव

रविराजला घर सुटून अकरा महिने झाले होते, पण आपण बेघर आहोत असं त्याला वाटत नव्हतं. बेघर म्हणजे स्टँडवर झोपणारे. तो आधी नगरच्या सावेडीत एका मित्राच्या खोलीवर होता, त्या मित्राचं लग्न ठरल्यावर दुसऱ्याच्या खोलीवर, आणि आता एका खानावळीच्या पोटमाळ्यावर. खाली दिवसभर तो भांडी घासायचा.

एका रविवारी नगरातल्या एका संस्थेच्या ताईंनी अशा, घराबाहेर काढलेल्या मुलांना बोलावून माहिती लिहून घेतली. चौदा जण आले. बहुतेक सतरा ते बावीस वर्षांचे, खेड्यांतले, शिक्षण अर्ध्यावर सुटलेले. बरेचसे रविराजसारखे, मुलांवरच प्रेम करणारे मुलगे; पण आपण कोण हे घरी आपणहून कुणीच सांगितलं नव्हतं. प्रत्येकाचा मोबाईल कुणाच्या तरी हाती लागला होता. मुलगा म्हणून जन्मलेल्या आणि आता साडी नेसणाऱ्या दोघी होत्या. त्यांचं घर सगळ्यांत आधी, चौदाव्या-पंधराव्या वर्षीच सुटलं होतं. मुलींवर प्रेम करणारी मुलगी मात्र एकच.

"बाकीच्या कुठायत?" ताईंनी तिला विचारलं.

"आमाला बाहेर काढत न्हाईत ताई. लग्न लावून देत्यात."

झोपण्याच्या जागेच्या रकान्यात 'स्टँड' असं एकानेच लिहिलं. बाकीच्यांपुढे कुणाची ना कुणाची खोली होती.

रविराजचं घर शनिशिंगणापुरात, गावातल्या सगळ्या घरांसारखं चौकटीला दार नसलेलं. त्यामुळे वडिलांनी त्याला काढलं तेव्हा काही बंद झालं नाही. बन्सीने फक्त मुलाची पिशवी रस्त्यावर नेऊन ठेवली.

त्यानंतर आईचा, मनकर्णाचा, पहिला फोन आला तो रेशन कार्डासाठी. कार्डावर नाव असलेल्या प्रत्येकाने महिनाअखेरपर्यंत अंगठा द्यायचा होता. न देणाऱ्याचं नाव कमी होणार होतं.

"तुजा बाप म्हनतोय, हुऊ दे कमी," ती म्हणाली. "तू मंगळवारी ये. घरी नको. दुकानावर ये."

हा अंगठा कुठल्याही रेशन दुकानात चालतो, हे खानावळीतल्या आचाऱ्याने त्याला सांगितलं होतं. तसं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. तरी त्याने मंगळवारची सुट्टी मागितली.

दुकानदार मच्छिंद्रने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वाळलास की रे. नगरचं पानी लागंना का?"

रविराज नुसता हसला. त्याने यंत्रावर अंगठा ठेवला. लाल दिवा लागला. परत ठेवला, परत लाल. भांड्यांच्या पावडरीने बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती.

"रेघाच न्हाईत राव," मच्छिंद्र म्हणाला. "डोक्याला चोळ जरा. तेल लागलं की घेतंय ते."

त्याने केसांत अंगठा फिरवला. केस कोरडे होते. तिसऱ्यांदाही लाल दिवा लागला. रांगेतली एक म्हातारी कुरकुरली.

रांगेच्या कडेला उभी असलेली मनकर्णा पुढे झाली. तिने त्याचा हात धरला, डोक्यावरचा पदर मागे सारला आणि त्याचा अंगठा आपल्या तेल लावलेल्या भांगाशी दाबून फिरवला. एकदा, दोनदा. मग पदराने हलकेच टिपून तो यंत्रावर नेऊन ठेवला, रविराज लहान मूल असल्यासारखा. हिरवा दिवा लागला.

"झालं," मच्छिंद्र म्हणाला. "नाव ऱ्हातंय आता. पन वहिनी, तुमाला मी परवाच सांगितलं हुतं, पोराला यायची गरज न्हाई, नगरातच हुतंय म्हनून."

"मला काय कळतंय त्यातलं."

"व्हय! बचतगटाचं सगळं दप्तर लिव्हता, आन हेवढंच कळंना?"

मनकर्णा खाली वाकली. ती धान्याच्या पिशवीचं तोंड बांधत होती. रविराजने तिच्याकडे पाहिलं. तिने पाहिलं नाही.

पिशवी त्याने खांद्यावर घेतली. दोघं वळणापर्यंत आली. तिथून पुढे घर दिसायचं, आणि ओट्यावर बन्सी असायचा.

"दे इथनं," ती म्हणाली.

"जड हाय."

"हाय म्हनूनच तर तू लागतोस. फुडच्या म्हैन्यात धान्य आलं की फोन करते. मला एकटीला उचलत न्हाई."

त्याने पिशवी उचलून तिच्या डोक्यावर ठेवली. माणशी पाच किलो, चौघांचं धान्य होतं. ती मान ताठ धरून निघाली, आणि तो जीप पकडायला रस्त्याकडे वळला.