न मागणारी नूतन

नूतनबद्दल कुणी विचारलं की मी आधीच सांगून टाकते, पोरगी सोन्यासारखी आहे, पण हट्टी अशी की देवानंही हात टेकावेत. मला असं बोलायचा हक्क आहे. मी सुलक्षणा. भुसावळच्या रेल्वे दवाखान्यात तीस वर्षं आया होते, आता पेन्शनीत आहे. नूतन चार वर्षांची असताना तिची आई वारली. तेव्हापासून तिची वेणी मी घातली आणि कानही मीच पिरगाळला.

तिचा बाप अभिमन, आता तोही नाही, आमच्या शेजारी राहायचा. त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, त्यामुळे बोलताही यायचं नाही. शिंपी होता. त्याच्या हातची पँट घालून रेल्वेतले साहेब लोक मिरवायचे. पण हाच अभिमन स्टेशनबाहेर उभा राहून कुणाशी दोन खुणा करायला लागला, की कुणीतरी त्याच्या हातावर नाणं ठेवून जायचं. मुका दिसला की भिकारीच, अशी लोकांची अक्कल! तो ते नाणं परत द्यायला त्या माणसामागे धावायचा. एकदा सात वर्षांची नूतन बरोबर होती. घरी आल्यावर त्यानं तिला समोर बसवलं आणि खुणांनी बजावलं, आपण कुणापुढे हात पसरायचा नाही. नूतननं ते असं मनात धरलं की सोडता सोडेना.

बोलायच्या आधी ती खुणा शिकली. पुढे बी.एड. झाली, जळगावात शाळेत चांगली नोकरी लागली. आणि एकोणतिसाव्या वर्षी बाईसाहेबांनी नोकरी सोडली! का, तर पारोळ्याच्या बाजारात तिला भिकुबाई भेटली. भिकुबाई पन्नाशीची, जवळच्याच खेड्यातली, जन्मापासून बहिरी. शाळा नाही, खुणांची भाषा नाही. घरचे खांद्याला हात लावून तिला बोलवायचे आणि बोटानं काम दाखवायचे, बस. आपल्याला काही नाव असतं हेच बाईला माहीत नव्हतं. नूतननं तिला खुणेचं नाव दिलं. हनुवटीवरच्या गोंदणाला बोट लावलं की भिकुबाई. त्या दिवशी ती बाजारभर स्वतःच्या हनुवटीला बोट लावत फिरली म्हणे. हे सांगताना नूतन रडते. मीही रडते, त्यात लपवायचं काय?

मग नूतननं पारोळ्यात एक खोली भाड्यानं घेतली आणि ऐकू न येणाऱ्यांची संगत सुरू केली. रविवारी हातांनी प्रार्थना, हातांनी गाणी, हातांनीच शास्त्र. बाकीचे दिवस अक्षरओळख, बँकेतला फॉर्म, कुणाला दवाखान्यात घेऊन जाणं. थेट धुळ्याहून माणसं यायला लागली. तिला या सेवेवर पाठवणारी ख्रिस्ती संस्था पुण्याची. तिथे पगार नसतो. सेवकानं आपले सहभागी आपणच शोधायचे, म्हणजे अशी घरं, जी दर महिन्याला त्याच्यासाठी प्रार्थना करतील आणि जमेल ते पाठवतील. पहिली दोन वर्षं संस्थेनं सांभाळलं. मग पत्र आलं. शब्द गोड, पण बात पक्की. नोव्हेंबरअखेर पंधरा सहभागी झाले तर काम चालू. नाही झाले तर पारोळ्याची खोली बंद, आणि नूतननं पुण्याला येऊन कार्यालयात बसावं.

पत्र आलं तेव्हा तिच्याकडे चार नावं होती. दिवाळी झाली, तरी चारच.

बरं, ती कुणाकडे जात नव्हती असंही नाही. जामनेरला गेली, जळगावला गेली, आमच्या कॉलनीतलं एक घर सोडलं नाही. चहा प्यायची, पोहे खायची, म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांची चौकशी करायची, आणि निघताना म्हणायची, "आमच्या कामासाठी प्रार्थना करा." लोक म्हणायचे, "करू की!" झालं काम. आली बया रिकाम्या हातानं घरी.

"अगं, पण पैशाचं कधी काढणार?" मी विचारायची.

"देवाला ठाऊक आहे अक्का, मला काय लागतं ते. रानात उपाशी बसलेल्या संदेष्ट्याला कावळ्यांनी भाकरी नेऊन दिलीच ना?"

"दिली. पण तुझ्या कावळ्यांना पत्ता कोण सांगणार? मूल रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, बाई माझे!"

ती हसायची. माझं पित्त खवळायचं. खोटं कशाला बोलू, अधूनमधून कावळे यायचेही. एका महिन्यात भाडं थकायची वेळ आली, तर एसटीतल्या एका कंडक्टरनं तिला खुणा करताना पाहिलं. त्याचा भाऊ बहिरा. त्यानं त्या महिन्याचं भाडं भरलं आणि नावही सांगितलं नाही. नूतनचा विश्वास अजून घट्ट झाला आणि जीभ अजून जड झाली. देवावर भरवसा ठेवणं वेगळं आणि मूग गिळून बसणं वेगळं, हे मी तिला वर्षभर सांगत होते. अगदी कंटाळा येईपर्यंत सांगत होते.

नोव्हेंबरात आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कापणीचा सण असतो. ज्याच्या शेतात, परसात जे आलं असेल ते देवापुढे आणून ठेवायचं. केळीचा घड, कापसाचं गाठोडं, दादर ज्वारी, अंडी, कुणी तर कोंबडाच. उपासना झाली की त्या वस्तूंचा लिलाव होतो. हात वर केला की बोली धरली. पैसा मंडळीच्या कामाला जातो. यंदा नूतननं पारोळ्याच्या संगतीतली नऊ माणसं आणली. भिकुबाई पहाटेच्या एसटीत मांडीवर भलंमोठं डांगर घेऊन बसली होती. म्हणजे आपला लाल भोपळा हो. स्वतःच्या बांधावर वेल लावला होता तिनं. टेबलावर डांगर ठेवताना तिनं ते पदरानं पुसलं, ते मी पाहिलं.

उपासनेत नूतन बाजूला उभी राहून सगळं खुणांनी सांगत होती. लिलाव सुरू झाला तशी ती मागे जेवणाच्या तयारीला गेली, आणि तिथंच घोटाळा झाला. लिलाव करतात लोटनभाऊ. मंडळीच्या पंचांपैकी एक, मूळचे धुळ्याकडचे, बोलणं अहिराणी, आवाज असा की माइक लागत नाही.

"ऐका रे बठ्ठा! डांगर कोना घर जाई?"

इंजिन चालवणारा हितेंद्र म्हणाला, "तीनशे!"

पहिल्या बाकावर भिकुबाईचे हात वर गेले. ती शेजारच्यांना सांगत होती, ते माझं! वेल एवढा लांब, पानं एवढी मोठी! लोटनभाऊंना काय कळणार? त्यांना वर गेलेला हात दिसला.

"चारशे! पुढल्या बाईनी चारशे!"

हितेंद्रला चेव आला. "पाचशे!" भिकुबाईनं दोन्ही हात पसरले, रोज एवढं पाणी घातलं! "सहाशे!" लोक हसतायत, टाळ्या पिटतायत. तिला वाटलं, आपल्या डांगराचं कौतुक चाललंय. ती आणखी जोरात हात हलवायला लागली. मी मागच्या बाकावर. दोनदा ओरडले, "अहो, थांबा!" पण त्या गोंगाटात माझं कोण ऐकतंय? एकवीसशेला हितेंद्रनं हात जोडले. लोटनभाऊंनी एक, दोन, तीन केलं, डांगर खांद्यावर घेतलं आणि मोठ्या थाटात आणून भिकुबाईच्या मांडीवर ठेवलं.

तिचा चेहरा बघवला नाही मला. क्षणात हसू मावळलं. खेड्यात लग्नकार्यात तिच्या हातचं कुणी घेत नसे. इथंही, देवाच्या घरीही, आपलं परत केलं, असंच तिला वाटलं. बाई उठली, डांगर कवटाळलं आणि फाटकाकडे चालू लागली. मी मागे पळाले. अभिमनच्या शेजारात राहून मला अर्ध्यामुर्ध्या खुणा येतात. ती एकच खूण करत होती, माझं नको. माझं नको.

"नूतन! ए नूतन!" मी बोंब ठोकली.

नूतन वरणाची पळी हातात घेऊनच धावत आली. भिकुबाईला बघितलं, डांगर बघितलं, मी दोन वाक्यांत काय झालं ते सांगितलं. मग मी जे पाहिलं ते तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. नूतन चिडली! भिकुबाईचा हात धरून तिला सरळ आत नेलं आणि सगळ्यांसमोर उभी राहिली.

"लोटनभाऊ, हिनं बोली लावली नव्हती. हे डांगर हिचंच आहे. ती फक्त सांगत होती की मी लावलं, मी पाणी घातलं. तुम्ही ते परत दिलंत, तर तिला वाटलं देवानं नाकारलं."

लोटनभाऊंनी डोक्याची टोपी काढली. "अरे देवा, हाई काय व्हयनं मन्हा हातथून!" त्यांनी दोन्ही हातांनी तिच्याकडून डांगर घेतलं, टेबलावर सगळ्यात पुढे ठेवलं आणि तिच्यापुढे मान झुकवली. माफीसाठी भाषा लागत नाही. भिकुबाईला कळलं.

पण तिचं समाधान झालं नव्हतं. तिनं नूतनला विचारलं, वस्तू विकता कशाला? नूतन म्हणाली, कामाला पैसा लागतो. आमच्या खोलीलाही लागतो? हो. मग तुला कोण देतं?

तोंडानं कदाचित नूतननं टाळलं असतं. पण खुणांच्या भाषेत पोरगी लहानपणापासून खोटं बोललेली नाही. तिचे हात बोलत गेले, आणि माझी जीभ कधी गप्प बसली आहे का? मी मोठ्यानं सगळ्या मंडळीला सांगत गेले. "पंधरा घरं पाहिजेत म्हणते. चार आहेत. महिनाअखेरपर्यंत मुदत. नाही झाली तर खोली बंद आणि ही पुण्याला."

नऊच्या नऊ जण उठून उभे राहिले. धुळ्यात मोटारसायकली दुरुस्त करणारा प्रेमराज तर लालबुंद झाला. आम्हाला का नाही सांगितलं? नूतन रडायला लागली. तुमच्याकडून कसं घेऊ, असं काहीतरी ती सांगत होती, तेवढ्यात भिकुबाईनं तिचे दोन्ही हात पकडले. हातांनी बोलणाऱ्याचे हात धरणं म्हणजे त्याच्या तोंडावर हात ठेवणं. मग सोडले आणि सावकाश, एकेक खूण सुटी करून सांगितलं. मला लोक देतात. जुनं लुगडं देतात, उरलेली भाकर देतात. माझ्याकडे कुणी कधी काही मागितलं नाही.

हेही मी मोठ्यानं सांगितलं, एक शब्दही न बदलता.

मग तिनं कापूस वेचायची खूण केली आणि एक बोट दाखवलं. महिन्यातल्या एका दिवसाची मजुरी तिची. पाठोपाठ प्रेमराज, पाठोपाठ बाकीचे सात. पाळकसाहेब स्वतः वही घेऊन नावं लिहायला बसले. हितेंद्रनं एकवीसशे टेबलावर ठेवले आणि डांगर तिथंच राहू दिलं. तेरा नावं झाली. मी मनात देवाचे आभार मानत होते, डोळे पुसत होते, सगळ्यांकडे असं बघत होते की जणू हे माझंच कर्तृत्व.

तेवढ्यात भिकुबाई माझ्याकडे वळली. माझ्याकडे बोट केलं, भुवया उंचावल्या. आणि तू?

चारचौघांत असं कुणी विचारतं का? आपल्याकडे नाही विचारत. पण तिला ते नियम कुणी शिकवलेच नव्हते. मी गडबडले. नूतनला म्हटलं, "सांग तिला, पेन्शन जमा झाली की बघू."

नूतननं हात वर केले आणि तसेच थांबवले. "अक्का, हे तिला कसं सांगू?"

वर्षभर मी त्या पोरीला धडे दिले होते. असं माग, तसं माग, तोंड उघड. पोह्यांच्या बशा मोजून दाखवल्या होत्या. आणि त्या चार नावांत माझं नाव नव्हतं. आपण तर घरचेच, असं मी धरून चालले होते. घरच्यांनी फक्त बोलायचं, द्यायचं परक्यांनी.

"नको सांगू," मी म्हटलं. "लिही माझं नाव."

पंधरावं नाव लोटनभाऊंनी पंगतीत दिलं, तोंडात घास असताना. पारोळ्याची खोली चालू आहे. पुण्याहून पत्र आलं, या वेळी नुसतंच गोड.

त्या संध्याकाळी आम्ही त्या नऊ जणांना सोडायला स्टँडवर गेलो. एसटी लागायची होती. नूतन माझ्या खांद्याला टेकून उभी होती. म्हणाली, "अक्का, तुझ्याकडे मागायचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटायची. वाटायचं, तू नाही म्हणालीस तर मी कुठं जाऊ?"

मी तिचा कान पिरगाळायला हात नेला, आणि त्याऐवजी तिची सुटलेली वेणी घालायला घेतली.