शंकेला कोड नाही

अंधेरीच्या एका रुग्णालयात मी रुग्णांच्या निदानांना नोंदीसाठी ठरलेले कोड देतो. छातीत दुखतं म्हणून भरती झालेली खारदांड्याची एक कोळीण डिस्चार्जच्या दिवशी माझ्या टेबलासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

मुलगा म्हणाला, “आये, भरतीच्या कागदावर हार्टची शंका लिवलीय. आता मासळी विकनं बंद.”

“गप रं! साहेब, तुमी काय लिवलं?”

“मावशी, खोट्या ठरलेल्या शंकेला आम्ही कोड देत नाही. डॉक्टरांचं शेवटचं निदान लिहिलंय. बर्फाची पेटी उचलताना छातीचा स्नायू दुखावला. हृदय ठणठणीत आहे.”

“आयकलंस?” ती गरजली. “दुखनं थांबू दे, मंग बाजारात मीच बसनार!”

ती ताठ मानेनं पुढे निघाली, मुलगा पिशवी घेऊन मागे. आमच्या घरात मी पहिला पदवीधर. त्या शिक्षणाचं चीज मला तिच्या चालीत दिसलं.