जिंकलं की पाण्यात

मला रोइंग क्लबात घेतलं ते माझ्या तोंडामुळे. विद्यापीठाच्या कँटीनमध्ये एक धिप्पाड सीनियर रांगेत मध्येच घुसला, आणि मी त्याला असा झापला की पोरं चहा प्यायची थांबली. मागच्या टेबलावर क्लबचे सर बसले होते. ते उठून आले आणि म्हणाले, "वजन किती गं तुझं?" हा काय प्रश्न झाला? मी त्यांनाही झापलं. ते हसले. "उद्या सकाळी सहाला तळ्यावर ये. मला कॉक्स सापडली."

आमच्या बोटीत चौघी वल्हवायच्या, पण पुढं पाठ करून. बोट कुठं चाललीय ते एकटीला दिसतं, ती कॉक्स. ती सुकाणू धरते आणि ओरडते. माझी उंची पावणेपाच फूट आणि गळा गिरणीच्या भोंग्यासारखा, म्हणजे देवानं मला त्याच कामासाठी घडवलेलं. फक्त फॉर्मवर एक प्रश्न होता, पोहता येतं का? मी बिनधास्त 'हो' लिहिलं. येत कुठलं! वडील कारकून, आई शिक्षिका, नळाला चार-चार दिवसांनी पाणी. पोहायला शिकायचं कुठं, बादलीत? पण आदल्या दिवशी एवढा आवाज केल्यावर आता सगळ्यांसमोर नाक कापून कोण घेणार? शिवाय अंगात लाईफ जॅकेट असायचंच. सरांनी विश्वास ठेवला आणि पुन्हा काही विचारलं नाही.

बोटीत माझ्यासमोर, गुडघ्याला गुडघा लावून, स्ट्रोक बसायची. तिच्या लयीवर बाकीच्या तिघी वल्हं मारतात. आमची स्ट्रोक नातेपुत्याकडची, घरी मेंढरं, खांदे असे की दार भरून जावं. मी ओरडायला लागले की ती दात काढायची. "वरड की अजून! आमच्याकडं मेंढरं बी एवढ्यावर वळत न्हाईत." दीड तास घाम गाळला की काठावर डबे उघडायचे. कडक भाकरी, शेंगाची चटणी, कुणाकडं चुरमुरे भिजवून फोडणीला टाकलेला सुशीला. कुणाचा डबा कुणाचा हे कधी कळलंच नाही. मी घरात एकटी वाढलेली, मला ते फार आवडायचं. खरं सांगते, वल्ह्यांपेक्षा त्या डब्यांसाठी मी पहाटे उठायची.

मग एका रविवारी आमच्या तळ्यावर बाहेरचे संघ आले. जिंकलेल्या पोरींनी काठाला लागताच आपल्या कॉक्सला उचललं, तिचं जॅकेट काढलं आणि एक, दोन, तीन म्हणत तिला पाण्यात फेकून दिलं. सगळे टाळ्या वाजवत होते. सर म्हणाले, "रीतच आहे ती. जिंकलं की कॉक्स पाण्यात." स्ट्रोकनं मला कोपरानं ढोसलं, "तुला बी असंच टाकायचंय, थांब की!" मी हसले. त्या दिवसापासून मी जिंकायला घाबरणारी कॉक्स झाले. अशी दुसरी कुठं असेल तर मला दाखवा.

बोलायचं होतं हो. पण आज सांगू, उद्या सांगू करत ते खोटं जुनं होत गेलं, आणि पुण्याची नदीवरची शर्यत आली.

त्या दिवशी आमच्या पोरी अशा वल्हवत होत्या की बास. शेवटच्या वळणाला आम्ही आणि शेजारची बोट नाकाला नाक. इथंच कॉक्सनं ओरडायचं असतं, "शेवटचे वीस!" मग त्या वीस वल्ह्यांत चौघी उरलंसुरलं सगळं ओततात. माझ्या तोंडाशी शब्द आला होता, तेवढ्यात मला समोर बोटी लागायचा धक्का दिसला. धक्क्याखाली ते हिरवं, गार, तळ न दिसणारं पाणी. स्ट्रोक डोळे फाडून माझ्याकडं बघत होती, "सांग की! सांग की!" मी सांगितलं, पण उशिरा. अर्ध्या बोटीनं हरलो.

परतीच्या गाडीत कुणी वाऱ्याला दोष दिला, कुणी नशिबाला. मी गप्प बसले तरी कुणाला संशय आला नाही, एवढा त्यांचा माझ्यावर भरवसा. लाज वाटली, पण तीही गिळली.

पुढच्या आठवड्यात मी क्लबच्या खोलीत शिरले तर स्ट्रोक सरांपुढं मान खाली घालून उभी. "माजाच हात ढिला पडला, सर. मला मागं बसवा. स्ट्रोक दुसरी कुणी करा." आणि सर विचारात पडलेले. ते 'बरं' म्हणणार हे मला दिसत होतं.

"तिचा हात नाही, माझं तोंड ढिलं पडलं," मी म्हणाले. मग सगळं सांगितलं, फॉर्मपासून. रडू आवरत नव्हतं, शब्द कसेबसे निघत होते. सरांनी मला असं झापलं की कँटीनमधला तो सीनियर असता तर खूश झाला असता. "उद्या बोट उलटली असती तर तुझ्या आईला मी काय सांगितलं असतं? पोहता येईपर्यंत बोटीत पाय ठेवायचा नाही." बरोबरच होतं त्यांचं.

स्ट्रोक एवढंच म्हणाली, "आदी सांगायचंस की गं." आणि निघून गेली. दोन दिवस बोलली नाही. ते दोन दिवस मला सरांच्या शिव्यांपेक्षा जड गेले. तिसऱ्या दिवशी ती हॉस्टेलच्या दारात, हातात दोरी आणि तेलाचा रिकामा कॅन. "चल."

जवळच्या कुंभारी गावात आमच्यातल्याच एकीच्या मामाची विहीर होती. पाठीला कॅन बांधून तिनं मला आत सोडलं. मी किंचाळले तेव्हा पिंपळावरचे पारवे उडाले. "वरड, वरड," ती माझ्यामागं पाण्यात उतरत म्हणाली, "पर पाय मार! म्हशीला कोण शिकवतं व्हय? आन् तू तर लई शिकलेली." कितीतरी रविवार गेले. एक दिवस मागं हात नेऊन बघते तर कॅन नव्हता. तिनं कधी सोडला ते तिनं सांगितलंच नाही.

पुढच्या वर्षी तीच नदी, तेच वळण, समोर तोच धक्का. या वेळी "शेवटचे वीस" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या बोटीतल्या पोरी दचकल्या. जिंकलो! काठाला लागताच तिघींनी मला उचललं, जॅकेट काढलं. विहिरीला काठ जवळ असतात, नदीला नसतात, हे मला तेव्हा आठवलं. स्ट्रोक कुठं दिसेना.

"थांबा की गं!" आवाज खालून आला. ती आमच्या आधीच उडी मारून पाण्यात उभी तरंगत होती, दोन्ही हात वर करून. "हां, आता टाका!"

मी नाकातोंडात पाणी घेऊन वर आले तेव्हा ती चार हातांवर होती. मी तिच्याकडं पाय मारत गेले. ती हात पुढं धरून मागं मागं सरकत राहिली, आणि धक्क्याची शिडी हाताला लागेपर्यंत तिनं मला एकदाही धरलं नाही.