शनिवारचं गिऱ्हाईक

"इस दुकान का कोई ग्राहक यहाँ है?" मी माइकवरून तिसऱ्यांदा विचारलं.

कारखान्याच्या टाउनशिपमधल्या क्लबचा हॉल गच्च भरला होता, पण कोणी हललं नाही. दुसऱ्या रांगेतली काही मंडळी एकदम पंख्याकडे बघू लागली. त्यांना मी चांगला ओळखत होतो. दर शनिवारी पाण्याच्या टाकीमागे स्कूटर लावून, रुमालानं तोंड पुसत ते दारूच्या दुकानाच्या खिडकीशी यायचे. आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष जोगळेकर रम न्यायचे ती भाजीच्या पिशवीतून, वर मेथीची जुडी ठेवून. आज ते पहिल्या रांगेत होते आणि नुकतेच संस्कृतीवर बोलून खाली बसले होते.

मी तेव्हा भोपाळला आबकारी इन्स्पेक्टर होतो. आबकारी म्हणजे दारूवर कर बसवणारं आणि तिच्यावर नजर ठेवणारं खातं. शहरातली दारूची दुकानं ठेकेदार चालवत. लिलावात जो जास्त बोली लावेल त्याला वर्षाचा ठेका मिळे. टाउनशिपच्या कडेचं हे एकच दुकान आमचं खातं स्वतः चालवत होतं. कधीकाळी एक ठेकेदार तोट्यात जाऊन पळाला, नवीन कोणी येईना, म्हणून तात्पुरतं आम्ही घेतलं होतं. सरकारी तात्पुरतं किती टिकतं ते सांगायला नको. आता एका ठेकेदारानं चांगली बोली लावली होती आणि कलेक्टर साहेबांनी आधी रहिवाशांचं म्हणणं ऐका, असं सांगितलं होतं.

"वानखेड़े, फॉर्मॅलिटी है भाई," आमचे डेप्युटी श्रीवास्तव साहेब म्हणाले होते. "सबकी सुन लो. लिख दो, किसी को आपत्ति नहीं."

खरं सांगायचं तर मलाही हरकत नव्हती. खिडकीवर बसायचे रघुवंशी बाबू, पगारी क्लार्क. बाटली विकली काय, न विकली काय, त्यांना सारखंच. ब्रँड मागावा तर निम्म्या वेळा "नहीं है", आणि तेही मान वर न करता. असं दुकान सरकारनं कशाला चालवायचं, हा प्रश्न मलाही पडायचा.

हॉलमध्ये वाद रंगला. युनियनचे एक नेते म्हणाले, ठेकेदाराला देऊ नका, तो उधारी देईल आणि कामगार बुडतील. महिला समितीच्या बाई म्हणाल्या, सरकारी नको नि ठेकेदारही नको, टाळंच लावा. एक तरुण इंजिनियर म्हणाला, ठेकेदार आला तर माल चांगला मिळेल. लगेच घाईनं म्हणाला, "मतलब, जिनको चाहिए उनको." लोक हसले. सगळे दुकानाबद्दल बोलत होते आणि दुकानात कोणीच जात नव्हतं. मला रिपोर्टात ग्राहकाचंही म्हणणं लिहायचं होतं, म्हणून मी तो प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होतो.

मागच्या बाजूला खुर्ची सरकली.

"मेरे को बोलना है. मैं ग्राहक हूँ."

शेवडेबाई उभ्या होत्या. कारखान्यातल्या फोरमन शेवड्यांच्या पत्नी. यजमान गेल्यावर क्वार्टर सोडून त्या इंद्रपुरीत दोन खोल्या घेऊन राहायच्या. मुलगा परदेशात. मंडळाच्या गणपतीत आरतीची पट्टी त्या धरत आणि बाकीचे त्यांच्यामागे म्हणत.

"हर शनिवार मैं ब्रँडी का पौआ लेती हूँ," त्या म्हणाल्या. पौआ म्हणजे पाव बाटली. "खुद के लिए. मेरे मिस्टर को जाकर तीन साल हो गए. ये रघुवंशी बाबू कभी पूछते नहीं, घूरते नहीं. ठेकेदार आएगा तो अहाता लगाएगा. मैं कहाँ खड़ी रहूँगी?"

अहाता म्हणजे दुकानाला लागून बसून पिण्याची जागा. ठेकेदाराची खरी कमाई तिथेच असते.

जोगळेकर मान खाली घालून चपलेचा अंगठा तपासत होते. त्यांच्या पत्नी शेवडेबाईंच्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी पदर आवरून घेतला आणि खुर्ची जराशी सरकवली.

दुसऱ्या दिवशी जबाबावर सही घ्यायला मी शेवडेबाईंच्या घरी गेलो.

"बाई, अजून वेळ आहे," मी म्हटलं. "सही करू नका. मी लिहीन की ग्राहक हजर नव्हता."

"मग रघुवंशींचं काय?"

"त्यांची बदली होईल. नोकरी जात नाही."

"अगंबाई! मला वाटलं, त्यांची नोकरी जाईल." त्या हसल्या. "म्हणजे उगीचच उभी राहिले म्हणायचं." आणि तरी त्यांनी सही केली.

चहा झाला. समोर चिवड्याची बशी आली. माझं बिऱ्हाड नागपूरला होतं. बायकोची तिथे नोकरी, मुलांच्या शाळा. मी जवाहर चौकाजवळच्या खोलीत एकटा. मंडळवाले दारूखात्याच्या माणसाकडून वर्गणी हक्कानं नेत, पण जेवायला कोणी बोलवत नसे. मराठी घरात असा बसून कित्येक महिने झाले होते. मला उठावंसं वाटेना.

"मी आधी घेत नव्हते हो," त्या आपण होऊनच सांगू लागल्या. "ह्यांना शनिवारी थोडी लागायची. शेवटी पाय चालेनात, मग मीच आणून द्यायची. हे गेल्यावर एका शनिवारी सवयीनं पिशवी घेऊन निघाले. खिडकीशी पोचल्यावर कळलं, आता कोणासाठी? परत फिरणार, तेवढ्यात रघुवंशी म्हणाले, 'साहब की दे दूँ?' ते स्मशानात आले होते, वानखेडे. त्यांना ठाऊक होतं. मी हो म्हटलं."

"आणि मग?"

"मग दर शनिवारी ते विचारतात, मी हो म्हणते. आता घरी आणलेली टाकायची कशी? प्यायले. कडूजहर लागली. पण झोप लागली." त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली. "मुलगा फोनवर माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो. मंडळात सगळे म्हणतात, आता मन रमवा. ह्यांचं नाव निघेल अशी सगळ्या भोपाळात ती एकच खिडकी उरलीय."

निघताना त्या म्हणाल्या, "येत जा." मी हो म्हटलं. पण आबकारीची जीप पुन्हा पुन्हा त्यांच्या दाराशी दिसली असती, तर लोकांनी काय म्हटलं असतं ते मला माहीत होतं. मी गेलो नाही.

रिपोर्टात मी लिहिलं, दुकान खात्याकडेच ठेवावं. कारण लिहिलं, खात्याच्या माणसाला जास्त विकायची हौस नसते. श्रीवास्तव साहेबांनी चष्मा काढला.

"एक बाई के लिए दुकान चलाएँ?"

"सर, ग्राहकों में से बोली तो एक ही बाई."

"वही तो कह रहा हूँ."

दुकान ठेकेदाराकडे गेलं. रघुवंशींना गोदामावर पाठवलं. दुकानाला रंगीत पाटी लागली, बाजूला पत्र्याचा अहाता झाला, तळलेल्या माशांचा वास रस्त्यापर्यंत येऊ लागला. गिऱ्हाइकं तीच होती. जोगळेकर अजून मेथीची जुडी घेऊनच येत. त्या वर्षीच्या गणपतीत आरतीची पट्टी दुसऱ्याच कोणी धरली. ती इतकी वर गेली की दुसऱ्या कडव्याला सगळे गप्प झाले. शेवडेबाईंना येऊ नका असं कोणी म्हटलं नव्हतं. दरवर्षी बोलवायला जायचे, ते फक्त कोणी गेलं नाही.

एका शनिवारी मी तपासणीसाठी दुकानावर होतो. रस्त्यापलीकडे शेवडेबाई पिशवी घेऊन उभ्या दिसल्या. अहात्यातून कोणीतरी मोठ्यानं गाणं म्हणत होतं. त्या रस्ता ओलांडायला निघत आणि थांबत. मी पलीकडे गेलो. माझ्या हद्दीतल्या दुकानातून मी बाटली नेणं बरं दिसत नाही, हे मला कळत होतं. तरी विचारलं.

"साहेबांची आणून देऊ?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पिशवीची घडी करून ती काखेत धरली.

"नको," त्या म्हणाल्या. "ते गेले आता."

आणि इंद्रपुरीच्या दिशेनं चालू लागल्या.

त्या वर्षी दुकानाचा महसूल वाढला. पुढे मी अशा अनेक हियरिंग घेतल्या. रहिवासी, युनियन, महिला समिती, सगळ्यांचं ऐकून घेतलं. ग्राहक कोण आहे, हे मात्र पुन्हा कधी विचारलं नाही.